फेरो बेटांचा फुटबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये फेरो बेटांनी चार दिवसांत आधी मॉन्टेनेग्रो आणि मग चेक प्रजासत्ताकाला हरवलं, आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. कुणाला नकाशा हवा असतो, कुणाला टोपीवाल्या गोलकीपरची गोष्ट, तर कुणाला कोल्हापूरचा संघ फिफात कसा घालायचा ते. सगळी उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, किचकट शेवटी.

१. फेरो बेटं आहेत तरी कुठे? तो देश आहे की डेन्मार्कचा जिल्हा?

उत्तर अटलांटिकमध्ये, स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड या तिघांच्या मधोमध. अठरा बेटं आहेत आणि क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. वस्ती ५४ हजारांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत चिपळूण शहर साधारण एवढंच भरलं होतं. तेव्हा डोळ्यांसमोर चिपळूण आणा, त्याचा राष्ट्रीय संघ आणा, आणि समोर क्रोएशिया उभा करा. ही अतिशयोक्ती नाही, आकडा खरंच तेवढा आहे.

ती डेन्मार्कच्या राजसत्तेखाली येतात, पण १९४८ पासून त्यांना स्वराज्य आहे. संसद, भाषा आणि झेंडा त्यांचा स्वतःचा. संरक्षण आणि नागरिकत्व डॅनिश. सार्वभौम देश नाही आणि साधा जिल्हाही नाही. फुटबॉलपुरता मात्र पूर्ण देश.

२. सार्वभौम देश नाही, तर फिफाचं सदस्यत्व मिळालं कसं?

वेळ साधली म्हणून. त्यांची फुटबॉल संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. १९८८ मध्ये फिफाने आणि १९९० मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्यांना सदस्य करून घेतलं. त्या काळी स्वतःची संघटना, स्वतःची लीग आणि स्वतंत्र कारभार दाखवता आला की दार उघडत असे. पुढे २००१ च्या सुमारास युएफाने नियम बदलला आणि संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला देश असणं ही अट घातली. फेरो तोवर आत जाऊन बसले होते.

दार लागल्यावर काय होतं ते जिब्राल्टरला विचारा. त्यांना क्रीडा लवादापर्यंत भांडावं लागलं, तेव्हा कुठे २०१३ मध्ये युएफा आणि २०१६ मध्ये फिफा मिळालं. ग्रीनलंडचं तर अजून जमलेलं नाही. त्यांनी युरोपचा नाद सोडून उत्तर अमेरिकेच्या महासंघाकडे अर्ज केला, तोही जून २०२५ मध्ये फेटाळला गेला. ग्रीनलंडही डेन्मार्कच्याच छत्राखाली, वस्तीही फेरोंएवढीच. फेरोंच्या फुटबॉलचं श्रेय मी मैदानाइतकंच या कागदपत्रांना देतो. लोक हसतात, पण १९८८ चा तो अर्ज दहा-पंधरा वर्षं लांबला असता तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं.

३. एवढ्या लांबच्या बेटांवर फुटबॉल पोहोचला कधी?

बराच आधी. त्वरोयरी गावचा टीबी हा सर्वांत जुना क्लब १८९२ चा आहे. राजधानी तोर्शाव्नचा एचबी आणि क्लाक्सविकचा केआय हे दोघेही १९०४ चे. राष्ट्रीय लीग १९४२ मध्ये सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद क्लाक्सविकने नेलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात आणि बेटं ब्रिटिशांच्या. १९४४ मध्ये स्पर्धाच झाली नाही, कारण खेळायला चेंडू उरले नव्हते!

आंतरराष्ट्रीय सदस्यत्व मिळेपर्यंतची कित्येक वर्षं आइसलंड, शेटलंड असे शेजारी आणि छोट्या बेटांच्या स्पर्धा यांवरच भागलं. १९८९ आणि १९९१ अशी दोनदा त्यांनी 'आयलंड गेम्स'मधलं फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं.

४. ऑस्ट्रियाला हरवलं ती गोष्ट खरी की तिखटमीठ लावलेली?

खरी आहे. तिखटमीठाची गरजच नाही.

१२ सप्टेंबर १९९०. युरो १९९२ ची पात्रता फेरी, आणि फेरोंचा आयुष्यातला पहिला अधिकृत स्पर्धात्मक सामना. समोरचा ऑस्ट्रिया तीन महिन्यांपूर्वी इटलीत विश्वचषक खेळून आलेला. सामना 'घरचा' होता, पण झाला स्वीडनमधल्या लांडस्क्रोना गावात (का ते प्रश्न ६ मध्ये). प्रेक्षक हजार-बाराशे. फेरोंचे प्रशिक्षक पॉल गुडलॉगसन हे आइसलंडचे, आणि सगळे खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळणारे.

पहिला अर्धा वेळ गोलशून्य. ऑस्ट्रियाचे लोक अजून निवांतच, गोल काय कधीही होईल या भरवशावर. साठ मिनिटं उलटून गेल्यावर तोर्किल निल्सनने चेंडू घेतला, बचावपटूंमधून वाट काढली आणि खालून जाळ्यात सारला. हा माणूस लाकूड विकायचा आणि बुद्धिबळात बेटांवरच्या अव्वल खेळाडूंपैकी होता. उरलेली तीसेक मिनिटं ऑस्ट्रियाने धडका मारल्या आणि येन्स मार्टिन क्नुडसनने गोल राखला. १-०.

ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांनी राजीनामा दिला. फेरोंमुळे गेलेली ही पहिली नोकरी, पुढे आणखी गेल्या (प्रश्न ११ आणि १२).

जोडून एक गंमत. त्याच गटात डेन्मार्क होता. तो दुसरा आला, युगोस्लाव्हियावर बंदी आल्यामुळे ऐन वेळी स्पर्धेत घुसला आणि थेट युरो १९९२ जिंकून परतला. त्या डॅनिश संघाचा कर्णधार लार्स ओल्सन पुढे फेरोंचा प्रशिक्षक झाला.

५. गोलकीपरने लोकरीची टोपी थंडीमुळे घातली होती का?

नाही. लहानपणी खेळताना क्नुडसनच्या डोक्याला मार बसला होता. पुन्हा खेळायचं तर डोक्यावर काहीतरी असू दे, असा घरचा आग्रह. म्हणून गोंड्याची पांढरी टोपी आली आणि मग ती अंगवळणी पडली. ऑस्ट्रियाच्या सामन्यानंतर ती टोपी त्याच्यापेक्षा प्रसिद्ध झाली. तो मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. गोलकीपिंग मात्र पक्कं होतं, हे टोपीच्या नादात लोक विसरतात.

६. घरचा सामना दुसऱ्या देशात का खेळावा लागला? मैदानच नव्हतं का?

मैदानं होती, गवत नव्हतं. बेटांवर चहूकडे हिरवंगार दिसतं, मेंढ्या चरतात, पण ते डोंगरउतारावरचं गवत. सपाट जागा मुळात कमी, खाली खडक, वर बारमाही पाऊस आणि खारं वारं. गावोगावची मैदानं मुरुमाची होती किंवा कृत्रिम. युएफाला तेव्हा अस्सल हिरवळ हवी होती. मग स्वीडनला जाण्यावाचून इलाज नव्हता.

ऑस्ट्रियाच्या विजयानंतर धावपळ झाली आणि तोफ्तिर या छोट्या गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर खडक फोडून स्वांगास्कार्द मैदान केलं गेलं. ते १९९१ मध्ये तयार झालं. पुढच्या, म्हणजे १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीपासून पाहुण्यांना बेटांवर यावं लागलं. यजमानांना त्या वाऱ्याची सवय, पाहुण्यांना नाही. जून १९९९ मध्ये स्कॉटलंड इथून १-१ घेऊन गेलं. सप्टेंबर २००२ मध्ये परत आलं तेव्हा पहिल्या बारा-तेरा मिनिटांत जॉन पीटरसनने दोन गोल चढवले आणि स्कॉटलंडला कसंबसं २-२ साधावं लागलं.

मग तोर्शाव्नमध्ये तोर्सव्होलुर उभं राहिलं आणि राजधानीला राष्ट्रीय मैदान मिळालं. एकविसाव्या शतकात फिफा-युएफाने कृत्रिम हिरवळ मान्य केली, आणि जी गोष्ट १९९० मध्ये अपात्रता होती ती चक्क फायद्याची ठरली. कृत्रिम मैदानावर पावसात, हिवाळ्यात, रात्री दिव्याखाली सराव चालतो. माझ्या मते फेरोंच्या फुटबॉलची खरी क्रांती ऑस्ट्रियाच्या सामन्यात झाली नाही, ती या प्लास्टिकच्या गवतावर झाली.

जुन्या मैदानांपैकी एक पाहण्यासारखं आहे. ऐदी गावात समुद्राला अगदी खेटून फुटबॉलचं मैदान होतं. एका बाजूला गोड्या पाण्याचं तळं, दुसऱ्या बाजूला थेट अटलांटिक. आता तिथे पर्यटक तंबू ठोकतात.

७. खेळाडू फक्त फुटबॉल खेळून पोट भरतात का?

बेटांवर खेळणारे बहुतेक जण नाहीत. सकाळी नोकरी, संध्याकाळी सराव. सुतार, शिक्षक, वीजकाम करणारे, मासळीच्या धंद्यातले, विद्यार्थी. अलीकडे मोठ्या क्लबांत काही जणांना पूर्णवेळ करार मिळतात, पण तो अजून अपवाद.

पूर्णवेळ खेळायचं तर विमान पकडावं लागतं. डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड, स्वीडन हा नेहमीचा रस्ता. त्याहून पुढे गेलेलेही आहेत. गुन्नार निल्सन एप्रिल २०१० मध्ये मँचेस्टर सिटीच्या गोलमध्ये बदली म्हणून उतरला आणि प्रीमियर लीग खेळणारा पहिला फेरोकर ठरला. योआन सिमुन एडमुंडसनने २०२० मध्ये बिलेफेल्डकडून जर्मनीच्या बुंडेसलीगात गोल केला.

८. ५४ हजार माणसांत दहा संघांची लीग चालते कशी?

वरच्या श्रेणीत दहा संघ आहेत आणि खाली आणखी श्रेण्या. क्लब गावाचा असतो आणि मैदान बहुधा नगरपालिकेचं. मूल चालायला लागलं की मैदानावर येतं, आई-बाप चहा-कॉफीच्या टेबलापाशी. पोरगं प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटूच शकत नाही, कारण प्रशिक्षक गल्लीतलाच असतो. मोठ्या देशांना 'टॅलेंट हंट'वर पैसे ओतावे लागतात, इथे शोधायला माणसंच किती?

अडचण उलटी आहे. गावाचा अभिमान मोठा आणि पोरं थोडी. मग विलीनीकरण करावं लागतं. ऐदीचा ईबी आणि शेजारचा स्त्रेयमुर १९९३ मध्ये एक झाले. २००८ मध्ये गोतूचा जीआय आणि लाईरविकचा एलआयएफ यांनी मिळून 'विकिंगुर' केला. जीआयसारखा अनेकदा लीग जिंकलेला क्लब नाव सोडायला तयार होतो ही सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे दोन तालमी एकत्र करून दाखवा!

दुसरी मदत बोगद्यांची झाली. पूर्वी प्रत्येक सामना म्हणजे बोट आणि हवामानाची आळवणी. २००६ मध्ये समुद्राखालच्या बोगद्याने क्लाक्सविक जोडलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये राजधानीपासूनचा ११ किलोमीटरहून लांब बोगदा उघडला, त्यात समुद्राच्या तळाखाली चौकही आहे. तोर्शाव्न ते क्लाक्सविक हा सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास जवळजवळ निम्म्यावर आला. ऑफिस सुटल्यावर दुसऱ्या बेटावरच्या सरावाला जाऊन रात्री जेवायला घरी, हे आता जमतं. दक्षिणेच्या सुदुरोय बेटाला मात्र अजून दोन तासांची फेरी बोटच आहे. सर्वांत जुना क्लब टीबी नेमका तिथला.

९. पैसा कुठून येतो?

बेटांचं पोट मासळीवर चालतं, निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त मासळीच. त्यामुळे स्थानिक प्रायोजकही बहुधा त्याच वर्तुळातले. नगरपालिका मैदानं सांभाळतात. पण मोठा आधार फिफा आणि युएफाच्या विकासनिधीचा. तो सदस्य संघटनांना मिळतो आणि तिथे लहान देशाला डोकी मोजून वाटा मिळत नाही. म्हणून प्रश्न २ मधलं सदस्यत्व इतकं मोलाचं. शिवाय क्लबांना युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत नुसतं उतरण्याचेही पैसे मिळतात, आणि त्यांच्या अंदाजपत्रकापुढे ती रक्कम मोठी असते.

१०. सान मारिनोही एवढाच छोटा. मग ते हरतात आणि हे जिंकतात, असं का?

सान मारिनोची वस्ती ३४ हजारांच्या आसपास, म्हणजे आणखी कमी. त्यांच्या संघाने आजवर तीनच सामने जिंकले, तिन्ही लिश्टेनश्टाइनविरुद्ध: एक २००४ मध्ये आणि दोन २०२४ मध्ये. पण फरक नुसता वस्तीचा नाही. सान मारिनो चहूबाजूंनी इटलीने वेढलेला. चांगला मुलगा इटलीच्या क्लबांकडे बघतो आणि इटलीच्या गर्दीत हरवतो. लिश्टेनश्टाइनला तर स्वतःची लीगच नाही, त्यांचे क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतात.

फेरोंना समुद्राने तोडलं, म्हणून त्यांना सगळं स्वतःचं उभारावं लागलं. लीग, पंच, प्रशिक्षक, गावागावातलं वैर, सगळं घरचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तिथे मोठ्यांच्या सामन्यात धक्के खायला मिळतात, मोठ्या देशात तो राखीव बाकावर बसला असता. एकटेपण नडतं तसं उपयोगीही पडतं.

११. ऑस्ट्रियाचा विजय म्हणजे मटका लागला, बाकी ते नेहमी हरतातच ना?

बराच काळ हे खरं होतं. ऑस्ट्रियानंतर वर्षभराच्या आतच युगोस्लाव्हियाने ७-० ने धुतलं. युरो २००८ च्या पात्रता फेरीत बारापैकी बारा सामने गेले आणि सप्टेंबर २००८ मध्ये क्रमवारीत १९८ वा क्रमांक आला. त्याच फेरीत जून २००७ मध्ये जगज्जेत्या इटलीशी ते फक्त २-१ ने हरले, पण 'फक्त हरले' याला गुण मिळत नाहीत.

वळण त्यानंतर आलं. आयर्लंडचे ब्रायन केर प्रशिक्षक असताना २००९ मध्ये लिथुआनिया आणि २०११ मध्ये एस्टोनिया हरले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याच वर्षी विश्वचषकाच्या बाद फेरीत खेळलेल्या ग्रीसला त्यांच्याच घरी १-० ने हरवलं. गोल एडमुंडसनचा, आणि क्लाउदिओ रानिएरी यांची नोकरी गेली. (दीड वर्षाने त्यांनी लेस्टरला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा हळहळ नको.) जून २०१५ मध्ये तोर्शाव्नमध्ये ग्रीसला पुन्हा २-१ ने. त्या वर्षी फेरो ७४ व्या क्रमांकापर्यंत चढले. सप्टेंबर २०२२ मध्ये तुर्कस्तानला २-१.

मग २०२५. विश्वचषक पात्रता फेरीत जिब्राल्टरला दोनदा, ९ ऑक्टोबरला मॉन्टेनेग्रोला ४-० आणि १२ ऑक्टोबरला चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं. गोल हानुस सोरेन्सन आणि मार्टिन आग्नार्सन यांचे. चेकचे प्रशिक्षक इवान हाशेक घरी गेले. नोव्हेंबरमध्ये क्रोएशियात रियेकाला गेझा तुरीने पहिला गोल करून क्षणभर श्वास रोखायला लावला, शेवटी ३-१ ने हार झाली. १२ गुण आणि गटात तिसरा क्रमांक. प्रशिक्षक एयदुन क्लाकस्टाइन घरचेच. पस्तीस वर्षांत आइसलंडकर, आयरिश, डॅनिश, स्वीडिश प्रशिक्षक झाले, आणि सर्वांत चांगली पात्रता फेरी बेटावरच्या माणसाने काढली. हे मला सगळ्यांत जास्त आवडलं.

१२. क्लाक्सविकने २०२३ मध्ये नेमकं काय केलं?

पाचेक हजार वस्तीच्या गावाचा हा क्लब. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हंगेरीच्या फेरेंत्सवारोशशी घरी ०-० आणि बुडापेस्टमध्ये चक्क ३-०. फेरेंत्सवारोशचे प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव यांना लगेच नारळ मिळाला. पुढे स्वीडनच्या हॅकनला पेनल्टींवर हरवलं. नॉर्वेच्या मोल्डेविरुद्ध घरचा सामना २-१ जिंकला, पण परतीच्या सामन्यात जादा वेळेत हरले. तरी कॉन्फरन्स लीग या युरोपच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेच्या गटात पोहोचले, आणि युरोपीय स्पर्धेच्या गटात खेळणारा हा पहिला फेरो क्लब. फ्रान्सच्या लिलशी ०-० बरोबरी आणि स्लोव्हेनियाच्या ओलिंपिया लुब्लियानावर ३-० विजय. गटातले घरचे सामने मात्र तोर्शाव्नला झाले.

१३. चांगले खेळाडू डेन्मार्क पळवत नाही का?

पळवू शकतो, कारण पासपोर्ट एकच. उलटही तितकंच खरं. एकच नागरिकत्व अनेक संघटनांना लागू असेल तर फिफाचा नियम विचारतो: खेळाडूचा जन्म तिथला आहे का? आई, बाप, आजी किंवा आजोबा तिथे जन्मले का? नाहीतर ठरावीक वर्षं तो तिथे राहिला आहे का? म्हणजे कोपनहेगनमध्ये वाढलेला, पण आजी फेरोंची असलेला मुलगा तोर्शाव्नकडून खेळू शकतो. नुसता डॅनिश पासपोर्ट पुरत नाही.

१४. मग ऑलिंपिकमध्ये फेरो का दिसत नाहीत?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना स्वतंत्र सदस्यत्व दिलेलं नाही. तिथे त्यांचे खेळाडू डेन्मार्कच्या झेंड्याखाली उतरतात. पॅरालिंपिकमध्ये मात्र स्वतंत्र संघ असतो. प्रत्येक संस्थेचा न्याय वेगळा.

१५. महिला फुटबॉलचं काय?

महिलांची लीग १९८५ पासून आहे. क्लाक्सविकच्या महिला संघाने २००० ते २०१६ सलग विजेतेपदं नेली. इतकी वर्षं एकच संघ जिंकतो यात कौतुक आहे तशी चिंताही, कारण प्रश्न ८ मधली माणसांची टंचाई इथे दुप्पट जाणवते.

१६. ते कधीतरी विश्वचषक खेळतील का?

युरोपातून पात्र होणं फार अवघड, गटात क्रोएशियासारखे असतात. पण 'एवढ्या छोट्यांना शक्यच नाही' असं आता म्हणता येत नाही. सुमारे साडेतीन लाख वस्तीचा आइसलंड २०१८ मध्ये गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या क्युरासाओने २०२६ ची जागा पक्की केली. क्युरासाओ नेदरलंड्समध्ये वाढलेल्या खेळाडूंवर उभा आहे. फेरोंचा बहुतेक संघ बेटांवरच वाढलेला. दोन्ही वाटा वैध आहेत, मला दुसरी जास्त कठीण वाटते.

१७. मग गोवा किंवा कोल्हापूरचा वेगळा संघ फिफात का नाही? वस्ती तर कितीतरी जास्त!

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि कोल्हापूरहून आला की सोबत पेठेचं नावही असतं. वस्तीचा मुद्दा बरोबर आहे. २०११ मध्ये गोवा साडेचौदा लाख आणि कोल्हापूर शहर साडेपाच लाख होतं. पण भारताचं सदस्यत्व अखिल भारतीय महासंघाकडे आहे आणि राज्य संघटना त्याच्या खाली. आता नव्याने सदस्य व्हायचं तर स्वतंत्र देश असावं लागतं. फेरोंसारखी पळवाट १९८८ मध्येही गोव्याला नव्हती, कारण गोवा भारतीय संघराज्याचा भाग आहे, स्वराज्य असलेला प्रदेश नाही.

घेण्यासारखं दुसरं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की जी गर्दी होते ती बघून तोर्शाव्नचे लोक चाट पडतील. ईर्षा भरपूर आहे. नाही ते गल्लीच्या तोंडाशी बारा महिने उघडं मैदान आणि आठ वर्षांच्या पोरांसाठी शिकलेला प्रशिक्षक.

१८. सामने भारतातून बघायचे तर किती वाजता?

लीग मार्च ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. संध्याकाळी पावणेआठचा सामना म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री सव्वाबारा. जूनमध्ये तिथे त्या वेळी अजून लख्ख उजेड असतो.